दुखणं थांबलं, पण पाय तयार आहे का? लष्करी अकादमीच्या तोंडावर झालेल्या दुखापतीविषयी

निवड झालेली असते, रुजू व्हायची तारीख हातात असते आणि नेमका त्याच सुमारास एखाद्या सामन्यात गुडघा फिरतो, किंवा रोजच्या धावण्यात नडगी दुखायला लागते. यात दुर्दैवाचा वाटा वाटतो तेवढा नसतो. अकादमीची तयारी करणारी मुलं-मुली बहुधा आधीपासूनच खेळात असतात. निवडीच्या आधीच्या महिन्यांत खेळ, धावणं, पुलअप्स, पोहणं हे सगळं एकावर एक चढवलेलं असतं. शरीर कधीतरी कुरकुरणारच.

मग पहिला प्रश्न ठरलेला: "तारखेपर्यंत दुखायचं थांबेल ना?"

माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. बऱ्याचशा दुखापतींत दुखणं लवकर थांबतं. विचारायचं ते असं: हा पाय किंवा हा खांदा रोज, सलग, कित्येक आठवडे भार सोसेल का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आल्यानंतर दुसऱ्याचं 'हो' यायला कधी तीन आठवडे लागतात, कधी सहा महिने. या मधल्या काळात काय करायचं आणि काय टाळायचं, यावर अकादमीतलं पहिलं सत्र बरंचसं अवलंबून असतं.

अकादमीतला भार वेगळा का

क्लबकडून किंवा कॉलेजकडून खेळणाऱ्याला दुखापत जपायची सोय असते. एखादा सामना बाहेर बसता येतं. घोट्याला पट्टी बांधून तासभर निभावून नेता येतं, आणि नंतर दोन दिवस पाय वर करून पडलं तरी कुणी काही म्हणत नाही. अकादमीत ही सोय संपते. पहाटे पीटी, मग ड्रिल, दिवसभर इकडून तिकडे जाताना पळणं, तासन्‌तास उभं राहणं, संध्याकाळी खेळ आणि अधूनमधून पाठीवर वजन घेऊन लांबची चाल. झोप अपुरी, पायात सवय नसलेले जड बूट.

धावताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट धक्का बसतो. पाठीवर वजन असलं की तो आणखी वाढतो. अनेक सैन्यांच्या ड्रिलमध्ये टणक जमिनीवर टाच आपटायची असते. दिसायला ती किरकोळ गोष्ट, पण पाय ताठ असल्यामुळे धक्का थेट नडगीत जातो. गुडघा वाकवून तो जिरवायला वाव नसतो. यातली कुठलीही एक गोष्ट तरुण शरीराला झेपण्यासारखी आहे. पण सगळ्या एकाच आठवड्यात सुरू होतात, आणि आज किती करायचं हे तुमच्या हातात नसतं.

लष्करी डॉक्टरांना हे फार पूर्वीपासून माहीत आहे. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने लांब कूच करून आलेल्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचं वर्णन लिहून ठेवलं. पाऊल कशावर आपटलेलं नाही, सैनिक कुठे पडलेला नाही, तरी सूज. आत काय झालंय हे पाहायला तेव्हा साधन नव्हतं. क्ष-किरणांचा शोध लागल्यावर दोनच वर्षांत, १८९७ मध्ये, उलगडा झाला: पावलाच्या लांबट हाडांना बारीक तडे गेलेले होते. आज आपण त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतो. एकदाच जोरात मार बसून हे होत नाही, हजारो छोट्या धक्क्यांनी होतं.

हाडाचं वेळापत्रक

हाड जिवंत असतं आणि सतत नव्याने घडत असतं. त्यावर नवा भार पडू लागला की काही पेशी आधी जुना भाग कोरून काढतात आणि मग दुसऱ्या पेशी तिथे नवा भाग भरतात. रस्ता पक्का करायचा तर आधी तो खणावा लागतो, तसंच हे. अडचण वेळेची आहे. खणायला साधारण तीन आठवडे पुरतात, पण भरून पक्कं व्हायला तीनेक महिने लागतात. मधल्या काळात हाड नेहमीपेक्षा कमकुवत असतं, आणि नेमका तेव्हाच प्रशिक्षणाचा जोर वाढत असतो. नवख्या प्रशिक्षणार्थींची नडगीची दुखणी पहिल्या दिवशी दिसत नाहीत, काही आठवड्यांनी डोकं वर काढतात, ती यामुळे.

आता यात दुखापतीची भर घाला. गुडघ्यासाठी किंवा घोट्यासाठी दोन महिने पळणं बंद होतं. त्या काळात शहाणा मुलगा सायकल चालवतो, पोहतो, दम टिकवतो. हे चांगलंच आहे. पण सायकलवर आणि पाण्यात हाडांना धक्का बसत नाही, त्यामुळे हाडांची धक्क्याची सवय मोडते. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत पूर्ववत होतात, स्नायू त्यांच्या मागोमाग. स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे आणि खुद्द हाडं मात्र महिन्यांच्या हिशेबाने चालतात. म्हणजे परतल्यावर दम भरपूर, अंगात जोर, आणि पायाची हाडं दोन महिने मागे. असा मुलगा पहिल्याच आठवड्यात जुन्या वेगाने पळू शकतो, आणि त्याला धोका आहे तो त्यामुळेच. दम कमी असता तर तो आपोआप थांबला असता.

कुठलं दुखणं किती गंभीर

सगळ्या दुखापतींना एकच नियम लावता येत नाही. घोटा मुरगळणं सगळ्यात सर्रास, म्हणून त्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष. किरकोळ लचक एक ते तीन आठवड्यांत सुटते. लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणारा पट्टा, पूर्ण फाटला तर तीन महिनेही लागतात. सूज उतरली की काम संपलं असं वाटतं, पण घोट्याचा तोल सांभाळण्याची जाण अजून परतलेली नसते. ज्याचा घोटा एकदा मुरगळला, त्याचा तो पुन्हा मुरगळण्याची शक्यता जास्त. अंधारात, खडबडीत वाटेवर, पाठीवर ओझं घेऊन चालणाऱ्याला ही जाण फार लागते. एका पायावर उभं राहणं, मग डोळे मिटून उभं राहणं, मग मऊ गादीवर उभं राहणं हे व्यायाम दिसायला पोरकट आहेत. पण घोटा पुन्हा मुरगळण्याचं प्रमाण ते खरोखर कमी करतात.

मांडीच्या मागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, ताणला गेला तर चालताना आठवडाभरात काहीच जाणवत नाही. तो दगा देतो वेगात पळताना. त्यामुळे पूर्ण वेगाने, सलग काही दिवस पळून पाहिल्याशिवाय तो बरा झाला असं धरू नये.

नडगीचं दुखणं जरा नीट समजून घ्या, कारण इथे दोन वेगळ्या गोष्टी एकसारख्या वाटतात. नडगीच्या आतल्या कडेने वीतभर लांबीत दुखत असेल, पळायला लागल्यावर जरा कमी होत असेल, तर तो बहुधा शिन स्प्लिंट्सचा प्रकार, म्हणजे हाडाच्या आवरणाची आणि त्याला चिकटलेल्या स्नायूंची जळजळ. एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, पळताना वाढतच जात असेल आणि पुढे रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर स्ट्रेस फ्रॅक्चरची शंका घ्यायची. अशा वेळी एक्स-रे साफ आला म्हणून निश्चिंत होऊ नका. पहिले दोन-तीन आठवडे तडा एक्स-रेवर अनेकदा दिसतच नाही. एमआरआयमध्ये तो लवकर कळतो. नडगीच्या आतल्या कडेचा साधा तडा भार कमी केल्यावर बरा होतो, पण पुन्हा पळायला सुरुवात करायलाच साधारण सहा ते आठ आठवडे जातात. पूर्ण भार त्यानंतर.

काही जागा मात्र अशा आहेत जिथे तडा गेला तर थांबून बघू म्हणायची सोय नाही: नडगीचा समोरचा भाग, पावलाच्या कमानीतलं नॅव्हिक्युलर नावाचं छोटं हाड, करंगळीच्या मागच्या लांबट हाडाची मुळाजवळची जागा, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मांडीच्या हाडाची मान, जिथे ते खुब्याला जोडलेलं असतं. मांडीच्या हाडाच्या मानेचं दुखणं जांघेत जाणवतं, म्हणून मुलं जांघेचा स्नायू ताणला असं समजून पळत राहतात. तडा वाढून हाड सरकलं तर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते, हाडाच्या टोकाचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि खुबा कायमचा बिघडू शकतो. पळताना जांघेत दुखतंय आणि त्या पायावर उडी मारली की कळ येतेय, एवढी दोन लक्षणं असली तरी पळणं त्याच दिवशी बंद करून डॉक्टरकडे जायचं.

एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं त्याला स्थिर ठेवणारं लिगामेंट, फाटणं म्हणजे अकादमीच्या तारखेशी सरळ टक्कर. शस्त्रक्रियेनंतर चार-पाच महिन्यांत मुलं सरळ रेषेत छान पळतात, आणि घरच्यांना वाटतं झालं सगळं. पण फाटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवलेला कंडरा शरीरात मुरायला वेळ लागतो आणि मांडीची ताकद त्याहून हळू परत येते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांच्या अभ्यासाने यावर चांगला प्रकाश टाकला. वळणं-उड्या असलेल्या खेळांत परतण्यापूर्वी नवव्या महिन्यापर्यंत जितका धीर धरला, तितकी गुडघा पुन्हा दुखावण्याची शक्यता घटत गेली: थांबलेल्या प्रत्येक महिन्यामागे जवळपास निम्म्याने. ताकदीच्या आणि उडीच्या चाचण्या पास न होता परतलेल्यांपैकी ३८ टक्के जणांचा गुडघा पुन्हा दुखावला, पास होऊन परतलेल्यांत हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आत राहिलं. नऊ महिने ही सरकारी खाक्याची अट नाही, त्यामागे हे आकडे आहेत. सहाव्या महिन्यात अकादमीत जायचं ठरवणाऱ्याने ते एकदा शांतपणे वाचावेत, आणि आई-वडिलांनी दोनदा.

खांद्याच्या बाबतीत हिशेब थोडा उलटा आहे. गुडघ्यात प्रश्न थांबायचं किती हा असतो. विशीच्या आत-बाहेर खांदा समोरच्या बाजूने निखळला तर प्रश्न शस्त्रक्रिया करायची की नाही हा असतो. तरुण वयात नुसती झोळी बांधून व्यायाम केलेला खांदा पुन्हा निखळण्याचं प्रमाण फार मोठं आहे. अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीतल्या कॅडेट्सवरचा १९९४ चा अभ्यास प्रसिद्ध आहे: शस्त्रक्रियेविना उपचार घेतलेल्या १५ पैकी १२ जणांचा खांदा पुन्हा सुटला, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया केलेल्या २१ पैकी फक्त ३ जणांचा. संख्या लहान आहे, पण नेमकी तुमच्यासारख्याच मुलांची आहे. दोरावर चढणं, भिंत ओलांडणं, रायफल डोक्यावर धरून पळणं हे सगळं खांद्याच्या सगळ्यात नाजूक स्थितीत होतं. त्यामुळे "बघू, परत निखळला तर करू" हे उत्तर इतरांना चालेल, अकादमीत निघालेल्याला महागात पडू शकतं. तारीख लांब असेल तर हा निर्णय लवकर घ्या, शस्त्रक्रियेनंतरचे महिने त्यात बसवता येतात.

डोक्याला मार लागून गरगरणं, मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं वाटणं, म्हणजे कन्कशन, यात बाहेरून काही दिसत नाही म्हणून ते लपवणं सोपं. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मग हलकं चालणं, मग टप्प्याटप्प्याने वाढ, प्रत्येक टप्पा किमान चोवीस तासांचा, आणि डॉक्टरने मोकळीक दिल्याशिवाय बॉक्सिंग किंवा कुस्तीसारखं काहीही नाही. पहिली जखम भरायच्या आत दुसरा मार बसणं जिवावर बेतू शकतं.

पहिले काही दिवस

बर्फ, दाब, पाय उंच आणि विश्रांती ही चौकडी सगळ्यांना पाठ असते. ती १९७८ मध्ये गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरने रूढ केली. गंमत म्हणजे पुढे २०१४ मध्ये त्यानेच लिहिलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांनी भरून येणं लांबूही शकतं. सूज ही दुरुस्तीचीच सुरुवात असते. बर्फ दुखणं कमी करायला चालतो, थोडा वेळ, कापडात गुंडाळून. पण दोन आठवडे पाय न हलवता पडून राहायचं, हे आता कुणी जाणकार सांगत नाही. हाड मोडलेलं नाही याची खात्री झाली की सोसेल तितकी हालचाल लवकर सुरू करायची.

वेदनाशामक गोळीबद्दल एकच सांगतो: ती घेऊन पळायचं नाही. रात्री झोप लागावी म्हणून डॉक्टरच्या सल्ल्याने घेणं वेगळं. पळण्याआधी घेतलेली गोळी शरीराचा इशारा तेवढा बंद करते, आणि उन्हात, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना काही वेदनाशामकं मूत्रपिंडालाही त्रास देतात.

किती दुखलेलं चालतं?

फिजिओकडे जाणाऱ्या मुलांचा इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण एका मित्राला सांगितलेलं असतं "थोडं दुखलं तरी चालू ठेव" आणि दुसऱ्याला "जरासुद्धा दुखता कामा नये". दोन्ही बरोबर असू शकतं. गुडघ्याच्या वाटीखालचा किंवा टाचेवरचा कंडरा दुखत असेल तर दहापैकी दोन-तीन इतपत दुखणं व्यायामात चालतं, ते दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं नसलं म्हणजे झालं. कंडऱ्याला भार लागतो. पूर्ण विश्रांतीने तो आणखी दुबळा होतो. हाडाला मात्र ही सवलत नाही. स्ट्रेस फ्रॅक्चरमधून उठताना पळताना जागेवर दुखलं की त्या दिवसाचं पळणं संपलं. म्हणून "किती दुखलेलं चालेल?" या प्रश्नाआधी "नेमकं काय दुखतंय?" याचं उत्तर हवं, आणि ते मित्राकडून मिळत नाही.

पुन्हा पळायला सुरुवात करण्याआधी साधारण एवढं जमायला हवं: अर्धा तास झपाझप चाललं तरी दुखत नाही, दुखऱ्या पायावर दहा उड्या मारता येतात, आणि त्या एका पायाच्या चवड्यावर वीस-पंचवीस वेळा उठता येतं. मग मिनिटभर पळणं, मिनिटभर चालणं, एक दिवस आड. पळण्याची मिनिटं हळूहळू वाढवायची, वेगाची घाई करायची नाही. आधी अंतर, मग सलग दिवस, मग वेग, मग बूट आणि वजन. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. दर आठवड्याला दहा टक्के वाढ हा नियम सगळीकडे सांगतात; नेदरलँड्समध्ये नवख्या धावपटूंवर तो तपासला तेव्हा त्या गटात आणि झपाट्याने वाढवणाऱ्या गटात दुखापतींचं प्रमाण सारखंच निघालं. त्यामुळे दहा या आकड्याला फार चिकटून बसू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना पाय काय सांगतो, ते जास्त भरवशाचं.

बुटांबद्दल मुलं फार वेळ घालवतात. पावलाच्या कमानीचा आकार पाहून तसे खास बूट दिले तर दुखापती कमी होतात का, हे अमेरिकन सैन्यदलांच्या प्रशिक्षणार्थींवर मोठ्या प्रमाणावर तपासलं गेलं. फारसा फरक पडला नाही. पायाला नीट बसणारा, न झिजलेला बूट पुरे. अकादमीचे बूट आधी मिळण्यासारखे असतील तर ते घालून आधी चाला, पळणं नंतर.

पाय बंद, बाकी चालू

दुखरा पाय बंद असताना दुसऱ्या पायाचा व्यायाम सोडायचा नाही. एका पायाला ताकदीचे व्यायाम दिले की दुसऱ्याची ताकदही काही प्रमाणात टिकते, कारण ताकद नुसती स्नायूंची नसते, मेंदू आणि नसांचीही असते. प्लास्टरमधल्या पायाची मांडी दोन आठवड्यांत बारीक दिसायला लागते, तेव्हा एवढाही आधार कामाचा. खालचं अंग बंद तर पुलअप्स. खांदा बंद तर सायकल, पायांची ताकद, पोटाचे आणि कमरेचे स्नायू. दम टिकवणं का महत्त्वाचं? कमी दमाच्या प्रशिक्षणार्थीला प्रत्येक पळणं त्याच्या मर्यादेच्या काठावर करावं लागतं. थकलेले स्नायू धक्का जिरवत नाहीत, मग तो हाडाकडे जातो. म्हणून कमी दम हा नव्या रिक्रूटांमधल्या दुखापतींचा मोठा कारक म्हणून पुन्हा पुन्हा दिसतो. आणि त्याच्या बरोबरीला नेहमी असते ती आधीची, पूर्ण बरी न झालेली दुखापत.

खाण्यात कपात करू नका. पळणं बंद आहे, वजन वाढेल, या भीतीने जेवण अर्ध्यावर आणणं म्हणजे दुरुस्तीचं सामान अडवणं. हाड भरून यायला ऊर्जा लागते, प्रथिनं लागतात. मुलींच्या बाबतीत पाळी अनियमित होणं किंवा थांबणं हा शरीराला खाणं कमी पडत असल्याचा स्पष्ट इशारा आहे, आणि तो स्ट्रेस फ्रॅक्चरच्या आधी येतो. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाबद्दल एक ठोस पुरावा आहे. अमेरिकन नौदलाच्या ५,२०१ महिला रिक्रूटांवर झालेल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज २,००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट ड जीवनसत्त्व घेणाऱ्या गटात स्ट्रेस फ्रॅक्चरचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी कमी राहिलं. याचा अर्थ ढिगाने गोळ्या खाव्यात असा नाही. रक्तातलं ड जीवनसत्त्व एकदा तपासून घ्या आणि कमी असेल तर डॉक्टर सांगतील तसं भरून काढा, एवढंच.

सांगायचं की लपवायचं

हा प्रश्न उघडपणे फार कमी जण विचारतात, पण मनात सगळ्यांच्या असतो. सीनियर सांगतात, "काही बोलू नको, आत गेल्यावर बघू." हा सल्ला देणारा आत गेल्यावर बघायला तुमच्या बाजूला नसतो.

वैद्यकीय तपासणीच्या वेळी आधीच्या दुखापती आणि शस्त्रक्रिया लेखी सांगाव्या लागतात आणि त्याखाली सही असते. निवडीनंतर, रुजू होण्याआधी झालेली दुखापतही कळवायची असते. खोटं निघालं तर प्रवेशच जाऊ शकतो, आणि ते निघायला फार तपास लागत नाही: दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या खुणा, दोन मांड्यांच्या घेरातला फरक, उकिडवं बसताना एका बाजूला झुकणं हे अनुभवी लष्करी डॉक्टरला दारातच दिसतं. त्याहून मोठा तोटा वेगळाच. जुनी दुखापत नोंदवलेली नसेल तर आत गेल्यावर ती उलटली की तुमच्यावर उपचार करणाऱ्याला काहीच माहीत नसतं, आणि तुम्ही सांगूही शकत नाही. मग जे सहा आठवड्यांत सावरलं असतं, ते सहा महिने चालतं.

दुखापत झाली होती एवढ्यावरून सहसा कुणी बाद होत नाही. बरी झालेली, कागदपत्रं व्यवस्थित असलेली जुनी दुखापत अनेकदा चालते. नियम मात्र देशागणिक, दलागणिक आणि शाखेगणिक वेगळे असतात. हाडात राहिलेली पट्टी किंवा स्क्रू, एसीएलची शस्त्रक्रिया, पुन्हा पुन्हा निखळणारा खांदा यांचे निकष तर विशेष काटेकोर. म्हणून शस्त्रक्रियेआधीच आपल्या अकादमीचे वैद्यकीय निकष मिळवून शल्यचिकित्सकाच्या हातात द्या. धातू ठेवायचा की पुढे काढायचा, कुठल्या पद्धतीने खांदा बांधायचा, असे काही निर्णय ते वाचून वेगळे होऊ शकतात. फाइलमध्ये शस्त्रक्रियेची नोंद, एमआरआयचा अहवाल आणि फिजिओने मोजलेली दोन्ही पायांची ताकद असावी. दुखऱ्या पायाची ताकद चांगल्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत आली आहे हे कागदावर असणं "आता ठीक आहे" या वाक्यापेक्षा फार वजनदार.

तारीख पुढे ढकलून मागणं हा पराभव नाही, पण तो सोपाही नाही, हे मान्य करायला हवं. बरोबरीचे मित्र पुढे जातात, घरी येणारा-जाणारा विचारतो. काही ठिकाणी वयाची अट आडवी येते आणि काही अकादम्या मुदतवाढ देतच नाहीत. तिथे हिशेब कठीण असतो आणि तो डॉक्टर, फिजिओ आणि घरचे यांनी एकत्र बसून मांडायला हवा. जिथे मुदतवाढ मिळते तिथे ती लवकर मागितलेली बरी. दोन महिने आधी, वैद्यकीय कागदांसह आलेला अर्ज आणि आदल्या आठवड्यातला फोन यांना सारखी वागणूक मिळत नाही. अर्धवट बऱ्या पायाने रुजू होऊन मधूनच खालच्या तुकडीत टाकलं जाणं हे तसंही सहा महिने मागे जाणंच आहे, फक्त दुखऱ्या पायासकट. चांगल्या प्रशिक्षण संस्था दुखापत गृहीत धरूनच चालतात. ब्रिटनच्या रॉयल मरीन्सच्या लिम्पस्टन इथल्या केंद्रात दुखावलेल्या रिक्रूटांना सावरून पुन्हा प्रशिक्षणात पाठवण्यासाठी हंटर कंपनी नावाची स्वतंत्र तुकडीच आहे.

आत गेल्यावर

पहिल्या आठवड्यांत सगळ्यांचंच अंग दुखतं, त्यामुळे आपलं दुखणं वेगळं आहे हे ओळखणं अवघड जातं. स्नायूंचं साधारण दुखणं दोन्ही पायांत सारखं असतं, दोन-तीन दिवसांत उतरतं आणि अंग तापल्यावर कमी होतं. एकाच बाजूला, एकाच जागी, रोज थोडं वाढत जाणारं दुखणं वेगळं. ज्या बाजूला जुनी दुखापत आहे तिथे, किंवा तिला जपताना जास्त भार घेतलेल्या दुसऱ्या पायात असं काही सुरू झालं, तर चाल लंगडी व्हायची वाट पाहू नका. वैद्यकीय कक्षात जाताना "पाय दुखतो" एवढंच म्हणू नका. कधीपासून दुखतंय, बोटाने दाखवता येईल अशी जागा कोणती, ड्रिलने वाढतं की पळण्याने, रात्री ठणकतं का, आणि या जागी आधी काय झालं होतं, हे चार-पाच वाक्यांत सांगा.